बत्तीस मिलिमीटर

खल्फानच्या खजुरीच्या बागेत गवत कापायचं यंत्र मेलं.
म्हणजे दांडा वाकला. इंजिन जिवंत होतं,
त्रेचाळीस सीसी, सोललेल्या नारळाएवढं.
मुबीन सरखोतने ते कॅरियरला सुतळीने बांधलं,
फलज अल कबाईलला आणून माझ्या लेथपुढे ठेवलं
आणि म्हणाला, मागच्या चाकावर बसव.

कालुस्त्याचा माणूस. दर गुरुवारी संध्याकाळी
अकरा किलोमीटर पॅडल मारत यायचा,
कारण बागेत दोन सिल्हेटी, एक बलुची, एकोणीस बकऱ्या
आणि मराठीत भांडायला कुणी नाही.
भांडण बहुतेक सुरमईवरून.
इथली चांगली की दाभोळची.
दाभोळची, हे दोघांनाही मान्य होतं,
तरी रात्रीचे बारा वाजायचे.

चेन नाही, गिअर नाही.
इंजिनच्या तोंडाला पोलादी रूळ,
रूळ टायरवर टेकलेला.
हा फिरला की ते फिरतं.
घर्षण म्हणजे शक्तीचा तोटा,
असं लिहून सातवीत मी दोन मार्क मिळवले होते.

आधी इंजिन उजवीकडे लावलं.
सुरू केलं तर सायकल मागे निघाली,
मुबीन ओरडत दुकानात, वेल्डिंगच्या पडद्यात.
मग डावीकडे.
रूळ चाळीसचा केला, निघतानाच दमला.
पंचवीसचा केला, आवाज फार, पल्ला थोडा,
आमच्या फोरमनसारखा.
बत्तीसवर गाडी बोलायला लागली.

दाब द्यायला कुणाच्या तरी फाटकाची स्प्रिंग.
जास्त आवळली की इंजिन गुदमरतं,
ढिली सोडली की रूळ नुसताच गरगरतो.
मधली जागा नटाच्या अर्ध्या आट्याची.
ती हातालाच कळते,
मला विचारू नका कशी.

जानेवारीत एका शुक्रवारी पहाटे
समुद्राकडून दव आलं, सगळी वस्ती भिजली,
ऊन तापायच्या आत मुबीन परत निघाला.
इंजिन किंचाळतंय, सायकल जागेवर.
ओल्या टायरवर गुळगुळीत पोलाद,
नुसतीच गोड बोलणी.
त्याने लुंगीच्या टोकाने टायर पुसला, पुन्हा पुसला,
मग उतरून ढकलत गेला, हात न हलवता.

त्या आठवड्यात मी रुळावर दातरी पाडली,
तिरपी, आडवी-उभी कापणारी, एक मिलिमीटरची.
बोट फिरवलं तर घोरपडीची पाठ.
मग मात्र दवात, वाळूत, कशातही धरायचा.
महिन्याला एक टायर खायचा, तो भाग वेगळा.
मोठ्या रस्त्याला जायचं नाही, पोलीस असतात,
कच्च्या वाटेने कुंपणाकडेने यायचं,
लांबून आवाज यायचा, गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखा,
आणि मी चहाचं पाणी ठेवायचो.

तीन वर्षं. मग खल्फानच्या पोरांनी बाग विकली.
मुबीनचं फायनल.
इंजिन विमानात नेता येत नाही, तेलाचा वास जात नाही.
दोन बोल्ट काढून त्याने रूळ तेवढा घेतला,
साबणाने धुतला, बनियनमध्ये गुंडाळला.

मस्कतच्या विमानतळावर यंत्रात काहीतरी गोल दिसलं.
पोलिसाने बाहेर काढलं, अंगठा फिरवला. काय हे?
मुबीनने हवेत दोन्ही हातांनी पोळी लाटून दाखवली.
पोलिसाने दातरीकडे पाहिलं, मुबीनकडे पाहिलं,
आणि बनियन परत नीट घडी घालून दिली.

सायकल माझ्याकडे आहे.
मागच्या टायरच्या मधोमध बोटभर चकचकीत पट्टा.
गुरुवारी तिच्यावरून बाजारात जातो,
पायाने.

काल त्याचा फोटो आला.
ताटात चपाती, काठापासून काठापर्यंत चौकटी चौकटी,
खाली लिहिलेलं, पोरगी म्हणते असलंच लाटणं पायजेल.
दोन बोटांनी मी चपाती मोठी केली,
अजून मोठी केली, धूसर होईपर्यंत,
आणि मोजलं.
एक मिलिमीटर. एका ठिकाणी जरा कमी,
तिथे माझी टूल घसरली होती.